गोळी, कुपा आणि आमच्या आत्या

मला क्षय झाला होता. हे मी पहिल्यांदा बाजारात उघड बोलले, तेव्हा शेजारच्या बाईनं आपली पाटी उचलून दोन हात लांब मांडली. आता कुणी तसं करत नाही, निदान माझ्या तोंडावर तरी नाही. पण परवा आमच्या आळीतली एक नवी सून दवाखान्यातून आली, पदरात तोंड घालून रडली आणि गोळ्यांची पुडी तिनं चुलीमागं सारून दिली. तिला समजवायला गेले, तर सांगायचं एका बैठकीत संपेना. म्हणून लिहायला बसले आहे. शाळा चौथीपर्यंतचीच झाली, तेव्हा चुका असतील. माशातले काटे काढून खाता तसं वाचा.

मी मुरुडची, कोळ्याची लेक आणि कोळ्याचीच सून. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती आणि आपल्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. नवरा होडीवर जायचा, मी आणि सासूबाई बाजारात बसायचो. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. आत्यांची जीभ तिखट आणि माझी त्याहून तिखट, त्यामुळे आमच्या पाट्यांपुढं घासाघीस करायला गिऱ्हाईक जरा बिचकूनच यायचं.

संध्याकाळचा कणकण ताप आणि खोकला कधीपासून होता, कुणास ठाऊक. बाळंतपणानं अंग धरलं नाही, नजर लागली, असं काहीबाही चालू होतं. एके दिवशी एका मास्तरीणबाईशी पापलेटावरून वाजलं. ती म्हणाली, शिळं आहे. मी म्हटलं, "शिलं? कल्ला उघडून बग बाय, तुज्या कुंकवापेक्षा लाल हाय!" तेवढ्यात खोकल्याची उबळ आली. तोंडावरचा हात काढला, तर हातावर रक्त होतं. मास्तरीणबाई भांडण विसरली आणि तिनं मला धरून खाली बसवलं.

*

मुरुडहून अलिबागला जायचं म्हणजे तेव्हा साळावला उतरायचं, होडीनं खाडी ओलांडून रेवदंड्याला जायचं आणि तिथून पुन्हा एसटी धरायची. आम्ही सगळे गेलो, मी, हे, आत्या आणि आत्यांच्या कडेवर माझी चंद्री. ती वर्षाची होती, अजून अंगावर पीत होती.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो खिडकीशी धरला आणि दोन ठिकाणी बोट ठेवलं. काय म्हणाले ते सगळं कळलं नाही. शेवटचं कळलं. "आजपासून मुलीला अंगावर पाजायचं नाही. जवळही घ्यायचं नाही. थुंकीतले जंतू जाईपर्यंत नाही."

"कवा जातील?" मी विचारलं.

"सांगता येत नाही," ते म्हणाले.

चंद्री तेवढ्यात माझ्याकडं झेपावली होती. आत्यांनी तिला मागं ओढलं, आणि ती इतकी रडली की ह्यांनी तिला घेऊन बाहेर नेलं. मला त्याच दिवशी दवाखान्यात ठेवून घेतलं. संध्याकाळी दूध भरून आलं. पदर भिजला, मी तो पिळला, पुन्हा भिजला. क्षय झाला याचं त्या दिवशी मला काय वाटलं, ते आता नीट आठवत नाही. तो पिळलेला पदर आठवतो.

*

दवाखाना गावाबाहेर, सुरूच्या झाडांत होता. बायकांची लांब खोली, एका बाजूला सगळ्या खिडक्या. सकाळी ताप मोजायची काचेची नळी तोंडात, मग दूध, मग अंडं. झाकणाच्या डबीत थुंकायचं. दुपारी न बोलता पडून राहायचं. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. जन्मभर ओरडून मासळी विकली, आणि आता सिस्टर ओठावर बोट ठेवून फिरायची.

शेजारच्या खाटेवर भागीरथीकाकू होत्या. उरणकडच्या, मिठागरवाल्या घरच्या. माझ्याहून वयानं बऱ्याच मोठ्या आणि माझ्याहून जास्त दिवस तिथं पडलेल्या. त्यांना सुया टोचायचे. म्हणायच्या, "माजी बसायची जागा चालन झालीय बाय. पीठ चालून घ्या." आम्ही दोघी हसायचो आणि हसता हसता खोकायचो, मग सिस्टर यायची.

धाकटे डॉक्टर मला गोळीबद्दल विचारायला आले, ते याच खाटेशी. घाटावरचे होते, तरुण, बोलताना चष्मा पुसायचे. म्हणाले, "जानकीबाई, आजवर सुई होती. आता ही पोटात घ्यायची गोळी आली आहे. इथं काही रोग्यांना ती देऊन पाहायची आहे. तुमची तयारी असेल तरच. जंतू मरतात का ते पाहायचं, आणि माणसाला अपाय तर होत नाही ना, तेही पाहायचं."

"दोनी बगाया लागतं?"

"लागतं. जंतू मेले आणि माणूस त्यानंच आजारी पडला, तर काय उपयोग?"

मी गोळी हातात घेतली. मासा घेताना आम्ही कल्ला उघडतो, डोळा बघतो, पोट दाबतो. ह्या इवल्याशा पांढऱ्या गोळीचं काय दाबून बघणार? मी विचारलं, "तुमी खाल्ली हाय का?"

"नाही," ते म्हणाले.

दुसरा कुणी असता तर हो म्हणाला असता. त्या 'नाही'मुळं माझा त्यांच्यावर विश्वास बसला आणि मी तयार झाले. आत्यांना कळल्यावर त्यांनी दवाखाना डोक्यावर घेतला. "माज्या सुनंवर परीक्षा करताव? अलिबागचं उंदीर काय सगलं मेलं?" धाकट्या डॉक्टरांनी ते निमूटपणे ऐकून घेतलं. त्यांनी मला एकदा आत नेऊन जंतू बघायच्या दुर्बिणीतून माझी थुंकी दाखवली होती. निळ्यावर बारीक लाल काड्या, पाण्यात जवळा पसरावा तशा. आत्यांना मी एवढंच म्हटलं, "आत्या, मी बगितलंय त्यांना. मना ते बाहेर पायजेत."

*

गोळीनं गुण दिला. संध्याकाळचा ताप उतरला आणि भूक लागायला लागली. पंधरा-वीस दिवसांनी वजनाच्या काट्यावर उभी राहिले, तर सिस्टर चक्क हसली.

आता इथं आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. घरचं माणूस परगावी दुखण्यात पडलं, की होडी लागली म्हणजे त्याच्या नावाचा मासा बाजूला काढायचा. तो विकायचा नाही, घरात खायचा नाही, त्यालाच पोचवायचा. आणि त्यानं तो खायचाच. न खाता परत आला, तर ते माणूस आता घरचं राहिलं नाही असं धरतात. त्यामुळं आत्या दर आठवड्याला डबा घेऊन यायच्या. माझ्या नावाचा म्हणून त्यांनी ठरवून टाकला होता कुपा. कुप्याचं मांस लाल. रक्त गेलेल्या माणसानं लाल मांस खावं, असा त्यांचा सरळ हिशेब होता. होडी आदल्या दिवशी लागायची, कालवण पहाटे व्हायचं. एसटी, होडी, पुन्हा एसटी करून डबा माझ्यापर्यंत यायचा तेव्हा दुपार झालेली असायची. बर्फ तेव्हा आमच्याकडं फक्त मोठ्यांच्या सरबतात.

तोवर भूकच नसायची, मी रीतीपुरता एक घास खायचे. गोळी लागू पडल्यावर आत्या आल्या, त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले. काकूंनाही वाटी दिली. थोड्या वेळानं माझे कान तापले. मग तोंड, मान, छाती. डोकं ठणकायला लागलं, डोळे लाल झाले, काळीज लाँचच्या इंजिनासारखं धडधडायला लागलं आणि उन्हात मला हुडहुडी भरली. मला वाटलं, संपलं. चंद्रीचं नाव घेऊन मी आत्यांचा हात धरला. सिस्टर धावली, डॉक्टर धावले. संध्याकाळपर्यंत सगळं ओसरलं.

पुढच्या खेपेला तेच झालं. मोठे डॉक्टर म्हणाले, "गोळी हिच्या अंगाला मानवत नाही. बंद करा." गोळी बंद झाली. त्या आठवड्यात आत्या आल्या, मी कुपा खाल्ला आणि काही म्हणजे काही झालं नाही. आता शंका उरली नाही. गोळीच वाईट. आत्यांनी सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं सांगितलं, "मी पयल्याच दिशी बोल्ले व्हते."

पण संध्याकाळचा ताप पुन्हा येऊन बसला.

मी घाबरले. आधीही घाबरले होते, पण ते सगळ्यांसारखं. ही भीती वेगळी होती. जी गोळी मला चंद्रीकडं नेत होती, तीच मला मारते आहे असं सगळे म्हणत होते. हे भेटायला आले आणि खाटेच्या पायाशी उभे राहिले. "परीक्षा बास झाली. घरी चल."

"घरी येऊन पोरीला घेता यील मना?"

"नाय," ते म्हणाले. मी म्हटलं, "मंग मी नाय यत." त्या दिवशी आम्ही एकमेकांशी पुढं बोललो नाही. हे जाताना काकूंना म्हणाले, "हिला जरा समजवा." काकूंनी मान हलवली आणि मला काहीएक समजावलं नाही, हे त्यांचे उपकार.

*

धाकट्या डॉक्टरांनी मोठ्यांकडं शब्द टाकला. एकदाच पुन्हा गोळी देऊन बघू, मी स्वतः लक्ष ठेवतो. गोळी सुरू झाली. ते येऊन नाडी धरायचे, डोळे बघायचे. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. ताप उतरला. डॉक्टर चष्मा पुसताना गुणगुणायला लागले.

मग आत्या आल्या. आणि दुपारी माझं तोंड पुन्हा लाल झालं.

मोठे डॉक्टर आले, बघितलं आणि म्हणाले, "उद्यापासून गोळीच्या यादीतून हिचं नाव काढा." धाकटे डॉक्टर माझी नाडी मोजत उभे होते. मी डोक्याला ओला फडका बांधून पडले होते आणि मला रडायलाही जोर नव्हता. तेवढ्यात भागीरथीकाकू बोलल्या, माझं मन हलकं करायलाच बोलल्या असतील. "जानके, गोली बिली काय नाय. तुजी सासू आली का तुजं त्वांड लाल व्हतं. सासूच बाधतंय तुना!"

सगळी खोली हसली. मीसुद्धा ओठ हलवले असतील. हसले नाहीत ते दोघेच, आत्या आणि धाकटे डॉक्टर.

"आजी," डॉक्टर म्हणाले, "डब्यात काय आणता तुम्ही?"

"कालवन."

"कशाचं?"

"कुप्याचं."

"मागच्या वेळी?"

"कुपाच. दर बारीला कुपाच. का?"

डॉक्टरांच्या सात पिढ्यांत कुणी मासा खाल्लेला नव्हता. त्यांच्या लेखी मासा म्हणजे मासा. ते खाटेच्या कडेला बसले आणि स्वतःशीच बोलावं तसं बोलले, "गोळी नव्हती तेव्हा मासा खाल्ला, काही झालं नाही. मासा नव्हता तेव्हा गोळी घेतली, काही झालं नाही. दोन्ही एकत्र आलं की होतंय." मग आत्यांना म्हणाले, "माझा अंदाज आहे, आजी. हा मासा काही दिवस आणू नका."

आत्यांनी यातलं एकच ऐकलं. त्यांचा डबा. त्यांचा चेहरा इतका उतरला, की मला माझं डोकं विसरायला झालं. सासू-सुनेत काही बिनसलं की गाव काय बोलतं, ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. "म्हंजे मी माज्या सुनंला इख घालतंय?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. आत्यांना हळू बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

"तसं नाही हो, आजी..."

"घरात समद्यांनी खाल्लाय. ह्या काकूनी खाल्लाय. कोनाला काय झालं?"

"त्यांनी गोळी घेतली नव्हती, आजी," डॉक्टर म्हणाले. पुढं म्हणाले, पण मोठ्या डॉक्टरांना नुसता अंदाज पुरायचा नाही, आणि मुद्दाम पुन्हा खाऊन दाखवा असं मी जानकीबाईंना सांगणार नाही. असं म्हणून ते दुसऱ्या खाटेकडं वळले. तेवढ्यात सिस्टर संध्याकाळच्या गोळ्यांचा ट्रे घेऊन आली.

आत्यांनी विचारलं, "हीच ती गोली? जानकीला किती देताव?"

सिस्टरनं सांगितलं. आणि तिला काही कळायच्या आत आत्यांनी तेवढ्या गोळ्या उचलल्या, तोंडात टाकल्या आणि माझ्या तांब्यातलं पाणी प्यायल्या. मग जमिनीवर फतकल मारून बसल्या, डबा उघडला आणि राहिलेला कुपा भाकरीशी खायला लागल्या.

डॉक्टर धावत आले. त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "आजी, हे काय केलंत! औषध आहे ते, चणे-फुटाणे नाहीत!"

आत्यांनी घास गिळला. "जंतू मरतान का, त्ये तुमी बगा. मानसाला काय व्हतं, त्ये मी बगतंय."

आम्ही सगळ्या त्यांच्याकडं बघत राहिलो. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्यासाठी भीतीही वाटत होती. काही झालं नाही, तर माझी गोळी गेली. झालं, तर आत्यांना काय होईल? मी देवाकडं नक्की काय मागावं, तेच कळेना.

बऱ्याच वेळानं आत्यांनी कानाला हात लावला. मग गालाला. त्यांचं काळंसावळं तोंड हळूहळू तांबूस झालं, डोळे लाल झाले, आणि त्यांनी छातीवर हात दाबून धरला. डॉक्टरांनी त्यांना रिकाम्या खाटेवर झोपवलं, सुई टोचली, नाडी धरून बसले. मोठे डॉक्टर आले, त्यांनी दोघींकडं आळीपाळीनं बघितलं आणि खुर्ची ओढून तेही बसले.

"जानके," आत्यांनी हाक मारली. "माजं त्वांड लाल झालं का गो?"

"झालं, आत्या."

"तुज्यावानी?"

"माज्यापेक्षा लई."

तेव्हा त्या रडल्या. सासरे समुद्रातून परत आले नाहीत तेव्हासुद्धा ज्या बाईनं दुसऱ्या दिवशी पाटी उचलली होती, ती बाई भर खोलीत रडली. "माजा हात नाय पोरी. भांडन गोलीचं नि कुप्याचं हाय. तुजं माजं नाय." मी उठले आणि त्यांच्या पायाशी जाऊन बसले. जवळ तोंड न्यायचं नव्हतं, म्हणून त्यांचे पाय मांडीवर घेतले. सिस्टरनं मला खाटेवर पाठवलं नाही.

माझं नाव काढलं नाही. गोळी चालू राहिली.

*

पुढं आत्या माझ्या नावाचा बोंबील काढायला लागल्या, कधी पापलेट. रीत मोडली नाही, मासा बदलला. लाल मांसाचा मासा बर्फाशिवाय बराच वेळ राहिला, की ह्या गोळीशी त्याचं जमत नाही, हे आता पुष्कळ डॉक्टर सांगतात. तेव्हा आम्हाला सांगायला कुणी नव्हतं. म्हणून चुलीमागं पुडी सारणाऱ्या माझ्या पोरी, गोळीनं काही झालं तर घाबर, रड, पण जाऊन सांग. काय खाल्लं तेही सांग, घरचं म्हणून सोडू नकोस. आणि आत्यांनी केलं तसं मुळीच करू नकोस. डॉक्टर नंतर कितीतरी दिवस ट्रे धरणाऱ्या सिस्टरच्या मागं मागं फिरायचे.

माझ्या पायांना मुंग्या यायच्या, भूक कधी जायची, कधी वाटायचं की ह्या खिडक्यांखालीच म्हातारी होणार. भागीरथीकाकू माझ्याआधी गेल्या, आणि घरी नाही गेल्या. त्यांच्या खाटेवर नवी बाई आली, तेव्हा तिच्याशी बोलायला मला फार दिवस लागले.

शेवटी थुंकी साफ आली. एकदा आली, पुन्हा बघितली, पुन्हा साफ आली. धाकटे डॉक्टर स्वतः सांगायला आले. "जानकीबाई, आता मुलीला घ्या."

*

घरी आले तेव्हा चंद्री अंगणात शिंपल्यांशी खेळत होती. बोलायला लागली होती. मी खाली बसून हात पुढं केले. तिनं माझ्याकडं बघितलं, "आये!" म्हणून किंचाळली आणि धावत जाऊन आत्यांच्या लुगड्यात शिरली.

तिची आये त्या झाल्या होत्या. यात कुणाचा दोष नव्हता, पण मला वाटलं, एवढं जगून मी कशासाठी आले? चंद्री माझ्या हातचं खाईना, माझ्याजवळ निजेना. आत्या तिला माझ्याकडं ढकलायच्या आणि ती त्यांना आणखीच बिलगायची. त्यांना सुटवत नव्हतं, तेही मला दिसत होतं.

एके सकाळी आत्यांनी गाठोडं बांधलं. म्हणाल्या, भावाकडं जाते, कितीतरी वर्षांत गेले नाही. भावाकडं त्यांचं पटत नाही, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. चंद्री झोपेत असतानाच त्या निघाल्या आणि एसटीच्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी मागं बघितलं नाही.

पोरीनं आकांत केला. दारात बसून राहिली, जेवली नाही, मला चावली. दुसऱ्या दिवशी दमून माझ्या हातून दोन घास खाल्ले. मग एका दुपारी, मी जाळं सारखं करत बसले होते, तर आली आणि माझ्या पाठीला पाठ लावून बसली. मी हलले नाही. श्वाससुद्धा जपून घेतला.

आत्या परत आल्या तेव्हा चंद्री माझ्या कडेवर होती. आत्यांनी गाठोडं टाकून हात पसरले. चंद्रीनं त्यांना ओळखलं, हसली, आणि माझ्या मानेत तोंड लपवलं.

आत्यांचे हात थोडा वेळ तसेच राहिले. मग त्यांनी गाठोडं उचललं आणि "बरं झालं," म्हणून त्या आत गेल्या.